खोल पाणी आणि उथळ पाणी : बास माशाच्या शोधातील एक धडा

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. तीत मनुष्यस्वभावाची परीक्षा सांगितली असली, तरी तिच्या मुळाशी पाण्याचीच परीक्षा आहे. वाहत्या ओढ्याचा आवाज ऐकून तो कोठे पायउतार आहे व कोठे डोह आहे, हे ओळखणे ही आपल्या वाडवडिलांची नित्याची विद्या होती. परंतु जे पाणी वाहत नाही, ज्यास आवाज नाही, आणि ज्याचा तळ दिसत नाही, अशा विस्तीर्ण तलावाची परीक्षा कशी करावी? आणि त्या पाण्याच्या पोटात मासा वर आहे की खाली, काठाशी आहे की मध्यभागी, हे कसे ताडावे? ह्या प्रश्नाचा विचार उत्तर अमेरिकेतील गळाने मासे धरणाऱ्या लोकांनी जितक्या चिकाटीने केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल. त्यांचा आवडता मासा म्हणजे 'बास' होय.

असला विषय शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असे एखादे पालक विचारतील. त्यास आमचे उत्तर असे की, पदार्थविज्ञान, भूगोल व प्राणिशास्त्र ह्या तिन्ही विषयांचे जे पाठ आमचे विद्यार्थी वर्गात निरनिराळ्या तासांस शिकतात, ते सर्व ह्या एका प्रश्नात एकत्र येऊन भेटतात. शिवाय पाण्याच्या खोलीचा अंदाज चुकला म्हणजे त्याची किंमत कधी मुक्या प्राण्याला व कधी माणसाला आपल्या जिवाने द्यावी लागते. सबब हा विषय केवळ करमणुकीचा नव्हे.

प्रथम ह्या माशाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत 'बास' हे नाव अनेक माशांस लावितात. समुद्रातील बास निराळे. आम्ही ज्याविषयी लिहीत आहो, तो गोड्या पाण्यातील 'काळा बास' होय. ह्याच्या प्रमुख जाती दोन : मोठ्या तोंडाचा व लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाच्या बासने तोंड मिटले असता त्याच्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. लहान तोंडाच्याचे तितके जात नाही. पहिल्यास संथ, उबदार व पाणवनस्पतींनी भरलेले पाणी मानवते. दुसऱ्यास त्याहून थंड, स्वच्छ व खडकाळ तळाचे पाणी आवडते. दोन-तीन पौंडांचा बास सामान्य समजतात, आणि दहा पौंडांचा सापडल्यास ती जन्मभर सांगण्याची गोष्ट होते. १९३२ साली जॉर्जिया संस्थानात २२ पौंड ४ औंस वजनाचा बास गळाला लागला होता, आणि त्याच तोलाचा दुसरा २००९ साली जपानातील बिवा सरोवरात मिळाला. जपानातील बास मूळचा तेथला नव्हे. तो अमेरिकेतूनच नेऊन सोडलेला आहे.

ह्या माशाचा स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भक्ष्याच्या पाठीस लागून त्यास दमविणाऱ्यांपैकी तो नव्हे. दबा धरून बसणाऱ्यांपैकी आहे. पाण्यात पडलेला झाडाचा बुंधा, खडकाची कपार, धक्क्याखालची सावली किंवा शेवाळाची कड अशा ठिकाणी तो स्थिर राहतो, आणि लहान मासा, क्रेफिश किंवा बेडूक टप्प्यात आला की एका झेपेत त्यास गिळतो. म्हणजे त्यास तीन गोष्टी पाहिजेत : अंगास मानवेल असे पाणी, लपण्यास आडोसा, आणि जवळच अन्न. ह्या तीन गोष्टी जेथे एकत्र मिळतील तेथे तो असतो. ती जागा दोन फुटांवर असेल तर तो दोन फुटांवर, आणि तीस फुटांवर असेल तर तीस फुटांवर.

येथेच मतभेदास प्रारंभ होतो. बास धरणाऱ्यांत जणू दोन पंथ आहेत. एक म्हणतो, काठ सोडू नका. अन्न काठाशी, आडोसा काठाशी, तेव्हा मासाही काठाशीच. दुसरा म्हणतो, मोठा मासा खोल पाण्यातच राहतो. काठावर दिसतात ती पोरे. ह्या दुसऱ्या मताचे मोठे प्रवर्तक म्हणजे उत्तर कॅरोलिना संस्थानातील बक पेरी हे होत. हे गृहस्थ पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी मासे धरण्याच्या छंदास वर्गातील शिस्त लावली. खोल पाणी हेच माशाचे घर आहे, उथळ पाण्यात तो केवळ फेरी मारण्यास येतो, आणि ह्या येण्याजाण्याच्या वाटा तळाच्या उंचसखलपणावरून ठरलेल्या असतात, असे त्यांचे सांगणे होते. तळाच्या रचनेकडे लक्ष द्यावयास त्यांनी एका सबंध पिढीस शिकविले. तथापि पुढे माशांच्या अंगात लहान रेडिओ-यंत्रे बसवून त्यांचा माग काढण्यात आला, तेव्हा असेही आढळून आले की, एकाच तलावात काही बास बहुतेक वर्षभर काठच्या वनस्पतींत राहतात, तर काही खोल भागात वस्ती करितात. म्हणजे दोन्ही पंथांच्या म्हणण्यात काही सत्य आहे. चूक आहे ती प्रश्न विचारण्याच्या रीतीत.

ती चूक कोणती, हे दोन तलावांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. फ्लॉरिडा संस्थानातील ओकीचोबी सरोवराचा विस्तार सुमारे ७३० चौरस मैल आहे. परंतु त्याची सरासरी खोली अवघी ९ फूट! ह्या अफाट थाळीसारख्या सरोवरात सहा फूट पाणी म्हणजे चांगले खोल पाणी, आणि तेथील बास लव्हाळ्यांच्या कडांशी दोन-तीन फूट पाण्यात सुखाने वाढतो. आता मिसूरी व आर्कान्सा संस्थानांच्या सीमेवरील टेबल रॉक तलाव पाहा. व्हाइट नदीवर धरण बांधून १९५८ साली तो निर्माण झाला. डोंगरांच्या घळींत भरलेल्या त्या स्वच्छ पाण्याची खोली धरणापाशी २०० फुटांहून अधिक आहे. तेथे सहा फूट पाणी म्हणजे काठच. तेथील लोक तीस-चाळीस फुटांवर बास शोधतात, आणि त्यात काही विशेष मानीत नाहीत. मग 'खोल' म्हणजे किती फूट? त्यास एक उत्तर नाही. खोल व उथळ हे शब्द 'लांब' व 'जवळ' ह्या शब्दांसारखे आहेत. कोणाच्या मानाने, हे सांगितल्यावाचून त्यांस अर्थ येत नाही. म्हणून शहाणा मनुष्य 'किती फूट' असे प्रथम विचारीत नाही. येथे प्रकाश कोठवर पोहोचतो, उष्णता व प्राणवायू कसे वाटले गेले आहेत, आणि उथळातून खोलात जाण्याची वाट कोठे आहे, हे तो विचारतो. ह्या तीन गोष्टींचा आता क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट प्रकाश. पाणी जितके गढूळ, तितका प्रकाश वरच्यावर अडतो. गढूळ पाण्यात अंधार हाच आडोसा असल्यामुळे बासला लपण्यासाठी खाली जाण्याचे कारण उरत नाही, आणि खाली गेल्यास त्याला भक्ष्यही दिसत नाही. म्हणून अशा पाण्यात तो दोन-तीन फुटांवरही राहतो. पाणी नितळ असल्यास त्याचा काठ उघडा पडतो. तेथे बास एकतर खोल जातो, किंवा दाट सावलीच्या आत शिरतो. पाण्याचा नितळपणा मोजण्याची एक सोपी रीत १८६५ साली रोम येथील जेझुइट धर्मगुरू व ज्योतिर्विद आंजेलो सेक्की ह्यांनी घालून दिली. पांढरी तबकडी दोरीस बांधून पाण्यात सोडावयाची, आणि ती दिसेनाशी झाली म्हणजे दोरी किती फूट गेली ते पाहावयाचे, एवढीच ती रीत. तलावांसाठी आज जी तबकडी वापरितात तिचा व्यास २० सेंटिमीटर असून तिचे चार भाग आळीपाळीने काळे व पांढरे रंगविलेले असतात. एवढ्या साध्या साधनाने आजही जगभर सरोवरांची परीक्षा होते. जेथे तबकडी एका फुटात नाहीशी होते तेथे उथळात शोधावे, आणि जेथे ती पंधरा फुटांपर्यंत दिसते तेथे शोध बराच खाली न्यावा, हा त्यातून निघणारा बोध होय.

प्रकाशाचे मान दिवसभर सारखे राहत नाही. पहाटे व सायंकाळी सूर्य कललेला असतो, तेव्हा त्याच्या किरणांचा बराच भाग पृष्ठावरून परावृत्त होतो. आकाश अभ्राच्छादित असले म्हणजेही पाण्यात प्रकाश कमी शिरतो. वाऱ्याने लाटा उठल्या तर पृष्ठ फुटून प्रकाश विखुरतो, व ह्याच वाऱ्याने सूक्ष्म जीव एका काठास लोटले जाऊन त्यांच्या मागोमाग लहान मासेही तेथे जमतात. अशा वेळी बास उथळात येतो. उलट निरभ्र दिवशी, वारा पडलेला असता, भर दुपारी तो सावलीत किंवा खोलात शोधावा.

दुसरी गोष्ट उष्णता व प्राणवायू. येथे पाण्याचा एक विलक्षण गुण ध्यानात घेतला पाहिजे. बहुतेक पदार्थ थंड होत गेले म्हणजे आकुंचन पावतात व जड होतात. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेंटिग्रेडपर्यंतच जड होत जाते. त्याखाली गेले की ते पुन्हा हलके होऊ लागते. म्हणूनच बर्फ वर तरंगतो, आणि उत्तरेकडील तलाव वरून गोठले तरी त्यांच्या तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी राहून त्यात मासे जिवंत राहतात. उन्हाळ्यात ह्याच्या उलट स्थिती होते. सूर्य वरचे पाणी तापवितो. तापलेले पाणी हलके, म्हणून ते वरच राहते, व थंड पाणी खाली राहते. आपल्याकडील खोल विहिरीत वैशाखात पोहणाऱ्या मुलांस हे ठाऊक आहे. छातीपर्यंतचे पाणी कोमट लागते, आणि सूर मारून खाली गेले की एकाएकी गारठा जाणवतो.

मोठ्या तलावात ह्याचे तीन थर पडतात. वरचा थर उबदार व वाऱ्याने घुसळलेला. खालचा थंड व निश्चल. आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ थर, ज्यात थोडक्याच अंतरात उष्णमान झपाट्याने उतरते. ह्या मधल्या थरास 'थर्मोक्लाइन' म्हणतात. हे नाव विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड बर्ज ह्यांनी रूढ केले. मॅडिसन नगराजवळील मेंडोटा सरोवराचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला, आणि आपले सहकारी चान्सी जुडे ह्यांच्यासह पाण्यात विरघळलेल्या वायूंचे मापन करून १९११ साली ते प्रसिद्ध केले. त्यांच्या श्रमांतून जे उघडकीस आले ते फार महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात वरचा व खालचा थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थरास हवेतून व वनस्पतींपासून प्राणवायू मिळत राहतो. खालच्या थरास नवा प्राणवायू मिळत नाही, आणि तेथे साचणारा पालापाचोळा व मेलेले जीव कुजताना असलेला प्राणवायूही खर्च होतो. ज्या तलावात अशी घाण विपुल, त्याच्या तळाशी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मासा श्वासही घेऊ शकत नाही.

ह्यावरून खोल पाण्याचा अति अभिमान धरणाऱ्यांनी एक गोष्ट शिकावी. ऐंशी फूट खोलीच्या तलावात थर्मोक्लाइन पंचवीस फुटांवर असेल, आणि त्याखाली प्राणवायू नसेल, तर बासच्या दृष्टीने तो तलाव पंचवीस फुटांचाच होय. राहिलेली पंचावन्न फूट खोली नकाशावर आहे, परंतु माशाच्या उपयोगाची नाही. तेथे दिवसभर गळ टाकून बसणे म्हणजे ओसाड घराची कडी वाजवीत बसण्यासारखे आहे. सर्वांत खोल पाणी ते सर्वांत चांगले, ही समजूत येथे साफ खोटी ठरते.

ऋतूंबरोबर बास कसा वरखाली होतो हेही आता समजेल. हिवाळ्यात त्याचे रक्त पाण्याबरोबर थंड होते. तो मंद होतो, थोडे खातो, आणि जेथे उष्णमान फारसे बदलत नाही अशा खोल भागात राहतो. वसंत ऋतूत काठचे उथळ पाणी आधी तापते, तेव्हा तो नाल्यांच्या बुडालेल्या पात्रांनी काठाकडे सरकू लागतो. पाणी सुमारे १५ ते १८ अंशांवर आले म्हणजे विणीचा हंगाम सुरू होतो. ह्या वेळी नर एक ते चार फूट पाण्यात शेपटीने तळ झाडून वाटोळे घरटे करितो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण करण्याचे काम नराकडे असते. अंडी फुटून पिले पोहू लागेपर्यंत, व पुढेही काही दिवस, तो त्यांजवरील पहारा सोडीत नाही. उन्हाळा कडक झाला म्हणजे काही बास दाट वनस्पतींच्या छायेत राहतात, तर पुष्कळसे थर्मोक्लाइनच्या वर, परंतु काठापासून दूर, पाण्यातील उंचवट्यांवर जमतात. शरद ऋतूत वरचे पाणी थंड होऊन जड होते, ते खाली उतरू लागते, थर मोडतात, आणि सबंध तलाव पुन्हा एकजीव होतो. ह्याच सुमारास 'शॅड' नावाचे लहान मासे थव्यांनी नाल्यांच्या तोंडांकडे व तेथून आतल्या उथळ भागांत शिरतात, आणि बास त्यांच्या मागे जातो. येणेप्रमाणे एकच मासा एका वर्षात खोल व उथळ अशा दोन्ही पाण्यांचा रहिवासी होतो. जो मनुष्य एप्रिल महिन्यातील अनुभव ऑगस्ट महिन्यात लावू पाहतो तो रिकाम्या हाताने घरी परततो, ह्यात नवल ते काय?

तिसरी गोष्ट वाट. बास उथळातून खोलात वाटेल तेथून जात नाही. बुडालेल्या ओढ्याचे पात्र, खडकाळ सोंड, पाण्याखाली गेलेला रस्ता, वनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरची कड, अशा खुणांच्या आधाराने तो जातो. केंटकी तलाव ह्याचे उत्तम उदाहरण आहे. टेनेसी नदीवरील हे धरण १९४४ साली पुरे झाले, आणि सुमारे १८४ मैल लांबीचा जलाशय तयार झाला. नदीचे जुने पात्र त्याच्या तळाशी अद्याप आहे. पात्राच्या दोन्ही बाजूंची सपाट शेते आता बुडालेली आहेत, व जेथे ती संपून पात्राचा कडा एकदम खाली उतरतो, त्या धारेवर उन्हाळ्यात बासचे थवे उभे राहतात. तेथे त्यांना वर दहा-पंधरा फूट पाण्यात अन्न व पाच हातांवर पंचवीस-तीस फूट पाण्याचा आसरा मिळतो. म्हणजे ते धड खोलातही नाहीत व धड उथळातही नाहीत. ते दोहोंच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या मते सबंध प्रश्नाचे मर्म येथे आहे. उत्तम जागा म्हणजे खोल नव्हे, उथळही नव्हे. जेथे दोन्ही एकमेकांस अगदी जवळ येतात, ती होय.

आता ही खोली ओळखावी कशी? केवळ डोळ्यांवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, आणि ह्या वक्रीभवनामुळे तळ वर आल्यासारखा दिसतो. अगदी वरून सरळ खाली पाहिले तरी आठ फूट पाणी सहा फूट भासते. तिरकस पाहिले तर त्याहूनही कमी. म्हणून जाणते लोक प्रथम काठ पाहतात. काठावरील जमीन जशी उतरते, तशीच ती बहुधा पाण्याखालीही काही अंतर उतरत जाते. उभा कडा असल्यास पायाशीच खोल पाणी, आणि सपाट कुरण असल्यास दूरवर उथळ पाणी. लव्हाळी व कमळे दिसल्यास तेथे पाणी थोडे आहे हे निश्चित. केंटकी तलावासारख्या जलाशयांतील पाणी हिवाळ्यासाठी दर वर्षी सुमारे पाच फूट उतरवितात. त्या वेळी उघडा पडलेला तळ जो पाहून ठेवील, त्यास उन्हाळ्यात डोळे मिटूनही तो आठवेल.

ह्यापुढची पायरी म्हणजे मोजणे. दोरीस शिशाचे वजन बांधून तळ गाठणे ही नावाड्यांची जुनी रीत, आणि ती अद्याप खोटी ठरलेली नाही. परंतु १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लोरान्स नावाच्या कुटुंबाने छोट्या पेटीत मावेल असे प्रतिध्वनीचे यंत्र मासे धरणाऱ्यांसाठी विकावयास काढले, आणि ह्या छंदाचे रूपच पालटले. त्याचे तत्त्व सोपे आहे. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे १,१०० फूट जातो, परंतु पाण्यात त्याची गती सेकंदास सुमारे ४,८०० फूट असते. नावेखालून सोडलेला ध्वनी तळास लागून सेकंदाच्या शंभराव्या भागात परत आला, तर तो एकंदर ४८ फूट चालला. म्हणजे तळ २४ फुटांवर आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. आजची यंत्रे तर तळाचे चित्र व त्यावरील माशांची हालचालसुद्धा पडद्यावर दाखवितात. तथापि यंत्र मासा कोठे आहे ते सांगते. तो तेथे का आहे, हे सांगणे अभ्यासाचे काम आहे.

आता आम्ही ज्या जबाबदारीचा आरंभी उल्लेख केला तिजकडे वळतो. अमेरिकेत रे स्कॉट ह्या गृहस्थांनी १९६७ साली आर्कान्सा संस्थानातील बीव्हर तलावावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरविली, व पुढल्या वर्षी बासप्रेमी लोकांची संस्था स्थापिली. स्पर्धा वाढल्या, तसे मासे मरू लागले. तेव्हा १९७२ पासून त्यांनीच, धरलेला मासा जिवंत ठेवून पुन्हा पाण्यात सोडावा, असा प्रघात आपल्या स्पर्धांत पाडला. हा नियम स्तुत्य होय. परंतु मासा सोडला म्हणजे तो वाचलाच, असे नव्हे. येथेही खोल व उथळ ह्यांचा विचार केला पाहिजे.

बासच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या योगाने तो पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. ३३ फूट खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. तेव्हा तितक्या खोलीवर राहणारा मासा झटकन वर ओढला, तर त्याच्या पोटातील पिशवी फुगून आतील इंद्रियांवर दाब पडतो. काही माशांप्रमाणे त्यास ही हवा तोंडावाटे सोडून देता येत नाही. ती रक्तात हळूहळू शोषली जावी लागते. असा मासा सोडून दिला तरी तो खाली जाऊ शकत नाही. तो उलटा होऊन पृष्ठावर तरंगतो, आणि तापलेल्या पाण्यात तडफडून किंवा पक्ष्याच्या चोचीने मरतो. सुईने ती हवा काढण्याची युक्ती आहे, परंतु ती शिकलेल्या हातांचीच. म्हणून ज्यास मासा परत सोडावयाचा आहे, त्याने फार खोलातील माशाच्या वाटेस जाऊ नये, हे उत्तम.

उथळ पाण्यातही अशीच एक मर्यादा आहे. घरट्यावरील नर अंड्यांजवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर तुटून पडतो. भुकेने नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी. त्यामुळे त्या दिवसांत त्यास गळाला लावणे सोपे असते. परंतु तो थोडा वेळ जरी दूर झाला, तरी टपून बसलेले लहान सूर्यमासे घरट्यावर धाड घालून अंडी फस्त करितात. एका माशास धरण्याच्या मौजेने सबंध कुटुंबाचा नाश होतो. काही संस्थानांत व कॅनडाच्या काही प्रांतांत विणीच्या हंगामात बास धरण्यास बंदी आहे, ती ह्याच हेतूने.

शेवटी आपल्या घराजवळील एक गोष्ट. आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे अमेरिकेच्या तलावांवर जातील. परंतु नदीवर, विहिरीवर, धरणावर व दगडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यावर पुष्कळजण जातात. प्रकाशाचा व उष्णतेचा नियम तेथेही तोच आहे. जे नितळ पाणी काठावरून पाच फूट दिसते, ते प्रत्यक्षात साडेसहा फुटांहून अधिक असते. म्हणजे छातीइतके वाटलेले पाणी डोक्यावरून जाते. वाळू उपसलेल्या पात्रात गुडघाभर पाण्याशेजारीच पुरुषभर खड्डा असतो, आणि त्याची कड वरून दिसत नाही. केंटकी तलावातील जी धार बासला आसरा देते, तशीच धार पोहता न येणाऱ्या मुलाच्या मृत्यूस कारण होते. वरचे पाणी कोमट आहे म्हणून आत उडी घेतली, तर खालच्या गार थराचा झटका बसून श्वास चुकतो. म्हणून अनोळखी पाण्यात कोणी एकट्याने उतरू नये. उतरण्यापूर्वी लांब काठीने तळ चाचपावा, व त्या गावच्या जाणत्या माणसास विचारावे. पालकांनीही मुलांस केवळ 'पाण्याजवळ जाऊ नको' असे न सांगता त्याचे कारण समजावून द्यावे. कारण कळले म्हणजे आज्ञा पाळणे सोपे होते.

पाण्याची खोली ही दुरून पाहून ठरविण्याची गोष्ट नव्हे. ती मोजून व विचारून ठरविण्याची गोष्ट आहे. वर्गात शिकलेले वक्रीभवन, घनता व वायूंचे नियम परीक्षेचा पेपर दिल्याबरोबर संपत नाहीत. पाण्याच्या काठी उभे राहताना ते जो आठवील, त्याच्या हातून एखादा मासा व एखादे मूल वाचेल.